न काढलेल्या टॅटूसाठी चार स्टार

ठाणे पश्चिमेला, मोबाइल रिपेअरच्या दुकानावरचा स्टुडिओ. जिना अरुंद, आत मात्र लख्ख. सुयांची सीलबंद पाकिटं न मागता दाखवली, एक्सपायरीसकट.

मला डाव्या मनगटावर हिब्रूत ‘एलियाहू’, आमच्या संदेष्ट्याचं नाव, हवं होतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. मलिद्याच्या प्रार्थनाविधीला पोहे-खोबऱ्याच्या ताटासमोर हेच नाव घेत मोठी झाले. अलिबागजवळच्या खंडाळा गावातल्या खडकावर संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आजीने बोट धरून दाखवल्या होत्या.

स्टेन्सिल उमटला तो उलटा. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, यांच्या संगणकाने अक्षरं डावीकडून लावली. "फॉन्ट तसाच असेल मॅडम," टॅटूवाला म्हणाला. एक स्टार तिथेच गेला. हिब्रू न येणारं गिऱ्हाईक असतं तर? पण वाद न घालता त्याने पुन्हा काढला.

मशीन हातात घेतल्यावर त्यानेच विचारलं, "तुमच्यात चालतं ना? टॅटू असला की दफन करू देत नाहीत म्हणे." मी गप्प. मग म्हणाला, "स्टेन्सिल दोन दिवस राहील. घरी दाखवून या."

बाबांनी मनगट बघितलं आणि थेट हजानकाकांना, आमच्या सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोन लावला. दफनाची गोष्ट अफवाच, तसा नियम नाही, असं त्यांनी सांगितलं. मनाई मात्र खरी: लेवीय 19:28. तोरेत, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, गोंदणाला शब्द आहे ‘कतोवेत काअका’; काकांच्या तोंडून ‘काअका’ ऐकून बाबा एवढे हसले की माझा राग निम्मा उतरला. इस्रायलमधल्या दिमोनातल्या चुलतभावाचा दंडभर टॅटू आहे, हे मी सांगून बघितलं. "तो त्याच्यापाशी," म्हणाले काका. मग मिश्नेतलं, म्हणजे ज्यू कायद्याच्या जुन्या संहितेतलं, सांगितलं: एका मतानुसार दोष तेव्हाच लागतो, जेव्हा देवाचं नाव गोंदलं जातं. मी खूश. "अगं, एलियाहू म्हणजे ‘माझा देव याह’. नावातच नाव आहे. सगळ्यात सैल मत धरलंस तरी तू सापडतेस."

शब्द रद्द. नुसतं रथाचं चाक काढायचं का, यावर घरात अजून खल चालू आहे. आई म्हणते, लग्नात मेहंदी काढ, हौस फिटेल.

500 रुपये आगाऊ दिले होते. परत मिळाले नाहीत, पण सहा महिने चालतील असं पावतीवर लिहून दिलं. फक्त सवलतीचा वार शनिवार ठेवलाय. शनिवार पाळून घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’च्या पोरीला!