कोकण किनारा: खांबांवरच्या विजेच्या तारा की भूमिगत वीजवाहिन्या?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नारळ-सुपारीची झाडे तारांवर कोसळून खांबांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. भूमिगत वाहिनीला वाऱ्याचे भय नसते. मात्र तिचा खर्च कितीतरी पट अधिक येतो, आणि जांभा दगड फोडून चर खणणे हा काही पोरखेळ नव्हे. शिवाय तुटलेली तार वायरमनला डोळ्यांनी दिसते. जमिनीखालचा बिघाड यंत्राने शोधावा लागतो, आणि जोडात पाणी शिरले तर भर पावसात खणाखणी आलीच. माझ्या मते बाजारपेठ, रुग्णालय आणि नळपाणी योजना यांच्यापुरत्या वाहिन्या भूमिगत कराव्यात, विखुरलेल्या वाड्यांना मात्र भक्कम खांबांवरून आवरण असलेल्या तारा द्याव्यात.