चेन की शाफ्ट: दोघांनी लांब जायचं असेल तर कोणती स्पोर्ट टूरर घ्यावी?

दोघांनी, सामानासकट, दिवसाला पाचशे-सहाशे किलोमीटर जायचं ठरलं की निवड बहुतेक वेळा दोन प्रकारच्या स्पोर्ट टूररवर, म्हणजे वेगाने लांब जाण्यासाठी बनवलेल्या मोटरसायकलींवर, येऊन अडते. एक हलकी: हजार सीसीच्या आसपासची, साधारण २३० किलोची, चेनवर चालणारी. दुसरी भारी: साधारण २८० किलो आणि त्यापुढची, शाफ्टवाली (चेनऐवजी बंद नळीतल्या दांड्याने मागचं चाक फिरवणारी), पूर्ण फेअरिंगची, म्हणजे वारा अडवणाऱ्या कवचाची. हलकी मी सहा वर्षं चालवली. भारी गाडीचं हे पाचवं वर्ष आहे.

अंदाज यावा म्हणून काही नावं सांगतो. कावासाकी निन्जा १०००एसएक्स २३५ किलोची, सुझुकी जीएसएक्स-एस१०००जीटी २२६ किलोची. भारी गटात बीएमडब्ल्यू आर१२५०आरटी २७९, यामाहा एफजेआर१३०० सुमारे २९०, आणि सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू के१६००जीटी ३४३ किलो. माझ्या दोन्ही गाड्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते कुठल्या एका कंपनीबद्दल नाही. ताकद, टाकी, स्क्रीन यांचे आकडे तुम्ही पाहिलेच असतील.

आधी वजनाचं बोलू, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. माझ्या अनुभवात वजन तीनच ठिकाणी जाणवतं: इंजिन बंद असताना ढकलताना, चालण्याच्या वेगाने जाताना, आणि अरुंद जागेत वळताना. ताशी वीस-पंचवीसच्या पुढे ते जवळजवळ विसरायला होतं. पण ही तीन ठिकाणं रोजची आहेत, म्हणून त्यांना कमी लेखू नका. उतारावर नाक खाली करून गाडी लावली आणि पुढे भिंत असली, तर तीनशे किलो मागे ओढायला दुसरा माणूस लागतो. मी आता जागा दिसली की आधी उतार कुठे आहे ते बघतो आणि गाडी अशी लावतो की निघताना सरळ पुढे जाता येईल. हलक्या गाडीवर सहा वर्षांत हा विचार मनात आला नव्हता.

भारी गाडी माझ्या हातून एकदाच आडवी झाली, तीही थांबता थांबता. हँडल किंचित वळलेलं होतं आणि मी पुढचा ब्रेक दाबला. पुढचं सस्पेन्शन दबलं, वजन वळलेल्या बाजूला गेलं आणि मग ते पायाने पेलणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून अगदी हळू वेगात पुढचा ब्रेक माझ्यापुरता बंद. हँडल सरळ करायचं, मागच्या ब्रेकने थांबायचं, आणि मगच पाय टेकायचा. वळताना थ्रॉटल थोडा उघडा आणि स्थिर ठेवायचा, वेग हाफ क्लचने सांभाळायचा, मागचा ब्रेक हलका लावून ठेवायचा. मान वळवून जिथे जायचंय तिथे बघायचं, चाकाकडे नाही. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला असा हाफ क्लच चालतो. जुन्या बॉक्सर इंजिनांचा (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) कोरडा क्लच मात्र जास्त वेळ हाफ क्लच सहन करत नाही, तो तापतो. आणखी एक बघून ठेवा: काही भारी गाड्यांत ब्रेक जोडलेले असतात, म्हणजे मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तिथे हे तंत्र वेगळं वाटतं, पायाला नव्याने सवय करावी लागते.

पडलेली गाडी उचलायची वेळ आली, तर पाठ सीटला लावून, हँडल स्वतःकडे वळवून, पायांच्या जोरावर मागे मागे चालत उचलायची. उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा आणि गाडी गिअरमध्ये टाकायची, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे जाते. इंजिनाभोवतीचे गार्ड आणि साइड बॉक्स असले की ती पूर्ण आडवी होत नाही. निम्मं काम तिथेच वाचतं.

गाडी वेगात आली की गोष्ट बदलते. डावीकडून उजवीकडे झटपट झुकवायची असेल तर हलकी गाडी सरस, यात वाद नाही. भारी गाडीला काउंटर-स्टिअरिंग ठामपणे करावं लागतं: ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं हँडल पुढे ढकलायचं, आणि ते वळणाच्या थोडं आधी. घाईने दिलेली सूचना तिला आवडत नाही. पण एकदा ती रेषेवर बसली की खड्डा येवो, वारा येवो, रेषा सोडत नाही. टायरमधली हवा थोडी कमी झाली तरी हँडल जड होतं. मागचा टायर सरळ हायवेवर चालून मधोमध सपाट झाला, तर वळायला कुरकुरतो. हलक्या गाडीवर याकडे दुर्लक्ष चालून जायचं.

इथे एक साधा हिशेब मांडतो, जो मी गाडी घेताना केला नव्हता. मागे बसणारी व्यक्ती आणि सामान मिळून ११० किलो धरले, तर २३० किलोच्या गाडीवर वजन जवळपास निम्म्याने वाढतं. तीनशे किलोच्या गाडीवर तेच साधारण सदतीस टक्के. शिवाय हे सगळं ओझं मागच्या चाकाच्या आसपास बसतं, त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं, हँडल सैल वाटतं आणि हेडलाइट वर बघायला लागतो. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवला की बरंच सुधारतं, पण माझी हलकी गाडी एकट्याने वेगळी आणि दोघांनी वेगळी होती. भारी गाडी दोन्ही वेळा जवळपास सारखीच वागते. एकटे फिरणार असाल तर हा हिशेब तुम्हाला लागूच नाही, आणि मग माझं पुढचं म्हणणंही थोडं सोडून द्या.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला, ती. चेन.

चेनला ल्यूब करायचं, म्हणजे वंगणाचा फवारा मारायचा, ते साधारण पाचशे ते हजार किलोमीटरला, आणि पावसात भिजली तर त्याच दिवशी. घरी असताना हे दहा मिनिटांचं काम आहे. टूरवर मात्र दिवसाला पाचशे किलोमीटर झाले की ते रोज संध्याकाळी येतं. चेन गरम असतानाच ल्यूब आत शिरतं आणि रात्रभर बसतं, म्हणून थकून उतरल्या उतरल्याच करावं लागतं. माझ्या हलक्या गाडीला मेन स्टँड नव्हता. बॉक्स काढायचे, गाडी फूटभर पुढे ढकलायची, चार-पाच कड्यांवर फवारा मारायचा, पुन्हा ढकलायची. टायरवर थेंब जाऊ नये म्हणून मागे पुठ्ठा धरायचा. एका सलग पावसाच्या टूरवर तीन संध्याकाळी मी हे अंधारात टॉर्च तोंडात धरून केलं.

तरीही मी तेवढ्यावर गाडी बदलली नसती. खरा त्रास पुढचा होता. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हाताने फिरवत ताण बघितला तर एका जागी बरोबर, अर्ध्या फेरीनंतर जास्त ताठ. मेकॅनिकची चूक नसते, जुन्या होत चाललेल्या चेनचं ते लक्षण आहे. त्यात पुढचं स्प्रोकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) आणि स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, पिव्हट एकाच जागी नसतात, म्हणून मागे वजन बसून सस्पेन्शन दबलं की ठरावीक मर्यादेपर्यंत चेन आणखी ताठ होते. म्हणजे दोघांनी जायचं तर चेन ताठ ठेवून चालत नाही, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. मग ती थोडी ढिलीच ठेवायची. आणि ढिली ठेवली की थ्रॉटल बंद करून पुन्हा उघडताना मधली ती ढील भरून निघेपर्यंत काही होत नाही, आणि नंतर एकदम झटका बसतो.

घाटातल्या आवळ वळणावर, पहिल्या गिअरमध्ये, हा झटका दर वळणाला यायचा. आणि दर झटक्याला बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. टक्. पुढचं वळण, टक्. मी क्लच सावकाश सोडला, मागचा ब्रेक धरला, दुसऱ्या गिअरमध्ये वळून पाहिलं. कमी झालं, गेलं नाही. त्या टूरच्या तिसऱ्या रात्री तिने विचारलं, “उद्या घाट आहे का रे?” मान दुखत होती तिची. तक्रारीचा सूर नव्हता, पण माझा निर्णय तिथेच झाला.

भारी गाडीवरच्या पहिल्या घाटात मी वळणं मोजली नाहीत, हेल्मेटचा आवाज ऐकत राहिलो. वर पोचेपर्यंत दोनदा आला, आणि दोन्ही वेळा चूक माझ्या हाताची होती. शाफ्टमध्येही ढील असतेच, पण ती आज जेवढी आहे तेवढीच उद्या असते. मागे कोण बसलंय, काल पाऊस होता का, यावर ती बदलत नाही. हाताला तिची सवय होते आणि मग ती जाणवत नाही. देखभाल म्हणजे फायनल ड्राइव्हमधलं (मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या पेटीतलं) ऑइल, अनेक गाड्यांत जेमतेम दोनशे मिली, तेही काही हजार किलोमीटरनंतर एकदा.

शाफ्टचे दोष सांगायलाच हवेत. तो जड असतो, चाकापर्यंत पोचताना चेनपेक्षा थोडी जास्त ताकद खातो, आणि बिघडलाच तर रस्त्याच्या कडेला काही करता येत नाही. चेन निदान बदलता येते. जुन्या शाफ्टच्या गाड्या थ्रॉटल उघडला की मागून उचलायच्या आणि बंद केला की बसायच्या. वळणात मध्येच थ्रॉटल सोडला तर खालची जागा कमी होऊन फूटपेग घासायचे. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये पॅरालिव्हर ही मागच्या चाकाची नवी जोडणी आणून हे बरंच काबूत आणलं, कावासाकीने १४००जीटीआरला त्याच कामासाठी टेट्रा-लिव्हर दिला. तरी वळणात थ्रॉटल एकदम न सोडण्याची सवय मी कायम ठेवली आहे. आणि पायाशी येणारी इंजिनची उष्णता भारी गाडीत जास्त, विशेषतः गर्दीत.

नव्या भारी शाफ्टवाल्या गाड्यांची निवड आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. १९७६ च्या आर१००आरएसपासून सुरू झालेली ही परंपरा १९९० च्या होंडा एसटी११०० आणि २००१ च्या एफजेआरपर्यंत फोफावली, नंतर बहुतेक कंपन्या हलक्या, चेनच्या गाड्यांकडे वळल्या. म्हणून अनेकांना वापरलेलीच बघावी लागेल. तेव्हा फायनल ड्राइव्हचं ऑइल काढायला सांगा. त्यात लोखंडाचे बारीक कण किंचित असणं चालतं, तुकडे चालत नाहीत. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून ते ढिलं आहे का बघा, आणि सीलपाशी ओल आहे का तेही.

उंची कमी असेल, गाडी रोज अरुंद जागेतून काढायची असेल, किंवा बहुतेक प्रवास एकट्याने असेल, तर हलकीच घ्या, आणि मेन स्टँड असलेली घ्या. बाकीच्यांना मी भारी गाडी एकदा तरी चालवून बघा असं म्हणेन. पण एकट्याने नाही. जी व्यक्ती मागे बसणार आहे तिला घेऊन जा. आधी गाडी बंद ठेवून दहा फूट मागे ढकला. मग पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण हँडल वळवून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे असे दोन सावकाश यू-टर्न घ्या. उतरल्यावर आधी मागच्या व्यक्तीला बोलू द्या.