मागच्या खोलीत नेट न्यायचंय: पॉवरलाइन, मेश, रिपीटर की सरळ वायर?

दर उन्हाळ्यात कोणी न कोणी मला हेच विचारतं, की राउटर समोरच्या हॉलमध्ये आहे आणि मागच्या नाहीतर वरच्या खोलीत एक दांडीसुद्धा येत नाही, तर ते सॉकेटमध्ये खोचायचे पॉवरलाइन अडॅप्टर घेऊ का. माझं उत्तर ठरलेलं, आधी घरची वायरिंग पाहा, डबा नंतर पाहू. नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी, ताईच्या प्रतापनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि महाल भागात मामाच्या जुन्या वाड्यात असे तिन्हीकडे मी हे उद्योग करून बसलोय, तिन्हीकडे अनुभव वेगळा आला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

त्याच्याही आधी फुकटातली गोष्ट. फायबरवाला पोरगा राउटर कुठे लावतो? जिथून वायर घरात शिरते तिथे, म्हणजे समोरच्या खिडकीपाशी, कारण त्याला अजून चार घरं करायची असतात. त्यालाच थोडी जास्त वायर ओढायला लावून राउटर घराच्या मधोमध, उंचावर घेतला तर अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटतो. आणि खिडकीतला लोखंडी पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर राउटरच्या वाटेत येत असेल तर ती भिंतच समजा.

आता पॉवरलाइन. राउटरपाशी एक अडॅप्टर, लांबच्या खोलीत दुसरा, दोन्ही टोकांना छोटी लॅन वायर, आणि मधलं सगळं काम घरातली लाइटची वायर करते. वीज ५० हर्ट्झवर, हा सिग्नल २ मेगाहर्ट्झच्या वर, त्यामुळे दोघं एका वायरीत नांदतात. डब्यावर ६००, १०००, २००० असे एमबीपीएसमधले स्पीडचे आकडे असतात ते मनावर घेऊ नका, ते येणं-जाणं मिळून, आदर्श वायरीवरचे कागदी आकडे आहेत. वरून ६०० वाल्याला लॅन पोर्ट बरेचदा १०० चाच असतो, म्हणजे रुंद वर्धा रोड येऊन महालच्या बोळात शिरावा तसं.

आमच्याकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन. सकाळी आठला वरच्या खोलीत पॉवरलाइनवर ४१ आलं, मी खुश. दुपारी दोनला बायकोच्या मीटिंगमध्ये समोरचे म्हणून राहिले की मॅडम तुमचा आवाज तुटतोय, पाहिलं तर १२. मी लगेच कूलरवर खापर फोडलं, मोटर चालू म्हणजे लाइनमध्ये कचरा येणारच. मग मी वर लॅपटॉप घेऊन बसलो आणि पोट्टा खाली एकेक बटण बंद करून ओरडत राहिला. कूलर बंद केला तर १२ चे १७ झाले, बस. आणि त्याच बोर्डावर लावलेला फुटपाथवरचा मोबाइल चार्जर काढला तर सरळ ३५! कूलर बिचारा उगाच बदनाम. तेव्हापासून नियम केलाय, अडॅप्टरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये स्वस्तातला चार्जर नको, एलईडी पट्टीचा अडॅप्टर नको, आणि पंख्याचा गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच बोर्डावर असेल तर दुसरा बोर्ड शोधा. स्पाइक गार्डमध्ये तर लावूच नका, बऱ्याच स्पाइक गार्डमधला फिल्टर असला वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल मारतो. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच.

घेण्याआधी मीटरपाशी जाऊन उभे राहा. वरचा मजला वेगळ्या मीटरवर आहे का? असेल तर हा नाद सोडा. मीटर एकच पण थ्री फेज असेल तर खालचा हॉल एका फेजवर आणि वरची खोली दुसऱ्या फेजवर असायची शक्यता आहे, तेव्हा सिग्नल जातो पण रडतखडत जातो. इलेक्ट्रिशियनला दोन्ही पॉइंट एका फेजवर घ्यायला सांगता येतं, पण स्वतः डीबी, म्हणजे घरातला एमसीबींचा डबा, उघडून बसू नका. इन्व्हर्टरचं वेगळंच. लाइट गेली की इन्व्हर्टरवरचे पॉइंट चालू आणि बाकीचे बंद, म्हणजे एक अडॅप्टर इकडे आणि एक तिकडे असेल तर नेट गेलंच. लाइट असतानाही इन्व्हर्टरमधून जाणारी लाइन आणि सरळ लाइन यांच्यात आमच्याकडे स्पीड पडलेलाच दिसला.

पिनचीही भानगड आहे. हे अडॅप्टर आपल्याकडे फार विकले जात नाहीत, ऑनलाइन मिळतात ते बरेचदा युरोपच्या पिनचे, आपल्या सॉकेटमध्ये ढिले बसतात. बरं, १२०० च्या वरच्या बऱ्याच मॉडेलांचा जोर अर्थिंगच्या वायरीवर असतो, फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही वायरी वापरून ते स्पीड काढतात. युरोपच्या पिनेची अर्थिंग बाजूच्या पत्तीला असते, आपल्या सॉकेटमध्ये ती लागतच नाही. म्हणजे पैसे तीन वायरींचे देऊन काम दोन वायरींचं. घ्यायचाच तर तीन चपट्या पिनांचा यूकेवाला बघा, युनिव्हर्सल सॉकेटमध्ये तो नीट बसतो, आणि आधी घरात अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या.

अजून एक जी कोणी सांगत नाही. या डब्यांच्या कागदावर चालण्याचं तापमान ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं. मे २०१३ मध्ये आपल्या शहरात पारा ४७.९ ला गेला होता, आणि नवतपात स्लॅबखालच्या बंद खोलीचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. आमचा वरचा अडॅप्टर दुपारी हात लावता येणार नाही इतका तापायचा. अर्थात हे मेश आणि रिपीटरलाही लागू आहे, पण पॉवरलाइन सॉकेटलाच चिकटून असतो, त्याला सरकवून सावलीत ठेवता येत नाही.

रिपीटर म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा, त्यावर फार बोलायचं नाही. सगळ्यात स्वस्त, आणि एकाच बँडचा असेल तर ज्या रेडिओने ऐकतो त्यानेच बोलतो म्हणून स्पीड निम्मा. मोबाइलवर रील्स बघायला आणि पेमेंट करायला ठीक. लोक तो नेट न येणाऱ्या खोलीतच लावतात आणि मग शिव्या देतात, अरे बावा, जिथे सिग्नल पोचतच नाही तिथे तो काय रिपीट करणार? अर्ध्या वाटेवर लावा.

मेश हे त्याचंच शिकलेलं भावंड, दोन-तीन डबे आपसात जोडून घरभर वायफाय पसरवतात. फिरताना फोन आपोआप जवळचा डबा पकडतो, घरभर एकच नाव, एकच पासवर्ड. ताईकडे हेच लावलं, दोन बीएचके, घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, आणि मागच्या बेडरूममध्ये ६० च्या वर येतं. पण आमच्या दुमजली घरात मेशला स्लॅब नडला, लोखंडी सळ्यांच्या स्लॅबमधून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड जवळपास मरतो आणि २.४ कसाबसा पोचतो. दुसरा डबा जिन्याच्या लँडिंगवर ठेवल्यावर जरा जीव आला. खर्च मात्र पॉवरलाइनच्या जोडीपेक्षा बराच जास्त.

आणि वायर. मी शेवटी आमच्याकडे वायरच ओढली. बर्डीच्या बाजारातून कॅट-६ लॅन वायर आणली, मीटरला २५ रुपये पडली, ३० मीटर लागली, आणि वरच्या खोलीत ९४ येतं, सकाळी ९४, दुपारी दोनलाही ९४, पोट्टा गेम खेळून राहिला तरी कुरकुर नाही. कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, त्यामुळे घरासाठी पुरून उरते. दुकानात एवढंच विचारा की आत शुद्ध तांबं आहे का, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात गळ्यात मारतात. लाइटच्या पाइपातून ओढू नका, वेगळी केसिंग पट्टी मारा. बाहेरून न्यायची असेल तर काळी आउटडोअरचीच घ्या, घरातल्या वायरीचं साधं आवरण आपल्या उन्हात कडक होऊन तडकतं.

त्यामुळे कोणी विचारलं की मी आधी विचारतो, भिंतीला भोक पाडता येतं का. येत असेल तर वायर, विषय संपला, आणि वरच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून लावला की वायफायपण आलं. भोक नाही पण एकाच मजल्यावरचा फ्लॅट आहे, तर मेश. पॉवरलाइन कोणासाठी? भोकही नाही, मध्ये स्लॅब किंवा जाड भिंत, पण वायरिंग नवी, मीटर एक, फेज एक, आणि काम टीव्ही नाहीतर एखादा कॅमेरा चालवण्याचं. तेही परत करायची सोय असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि दुपारी घरचं सगळं चालू असताना तपासा, सकाळच्या आकड्यावर भाळू नका. आणि लावल्यावर दोन्ही डब्यांचं पेअरचं बटण दाबायचं विसरू नका, कंपनीतून येताना बऱ्याच डब्यांचं नेटवर्क आणि किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकच असते, एकाच लाइनवर शेजाऱ्याने तसाच डबा लावला तर दोघांची घरं एक होतील.

राहिला मामाचा वाडा. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, मेश दुसऱ्याच खोलीत गार. वायरिंग किती जुनी ते मामालाही आठवत नाही, अर्थिंगचा पत्ता नाही, पॉवरलाइनचा दिवा लाल झाला तो लालच राहिला. भिंतीला हात लावायचा नाही म्हणाला, म्हणून कौलांच्या कडेने बाहेरून काळी वायर नेली. मस्त चाललं चार महिने. मग एक दिवस मामाचा फोन, नेट गेलं. जाऊन पाहतो तर खारीने दोन ठिकाणी कुरतडलेली. आता वायर पीव्हीसी पाइपात आहे, आणि मामी रोज त्याच पाइपावर खारीसाठी शेंगदाणे ठेवते.