डेक्सा की डेक्समेड? पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा ब्लॉक रात्रभर टिकवताना

टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतील मज्जातंतूंभोवती सुन्न करणारे औषध सोडणे) दिलेला रुग्ण ऑपरेशन थिएटरमधून (ओटी) बाहेर जातो तेव्हा सर्जन, नातेवाईक आणि आपण भूलतज्ज्ञ सगळेच समाधानी असतो. अडचण येते ती रात्री. दुपारी उशिरा दिलेला साधा ब्युपिव्हकेनचा (सुन्न करणारे मूळ औषध) ब्लॉक बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास उतरू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी वॉर्डात माणसे कमी असतात. त्यामुळे औषधात काहीतरी मिसळून ब्लॉक निदान सकाळच्या राउंडपर्यंत न्यावा, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. क्लोनिडिन, मॅग्नेशियम, ब्युप्रेनॉर्फिन हे सगळे मी कधी ना कधी वापरले आहे आणि ब्युप्रेनॉर्फिन तर उलट्यांमुळे लवकरच सोडले. आज खरी निवड उरते ती डेक्सामेथासोन (डेक्सा, एक स्टिरॉइड) आणि डेक्समेडेटोमिडिन (डेक्समेड, गुंगी आणणारे औषध) या दोघांतच. नसेभोवती, म्हणजे मज्जातंतूभोवती, देण्यासाठी या दोन्ही औषधांच्या लेबलवर मान्यता नाही, हे तुलना सुरू करण्याआधीच लक्षात ठेवलेले बरे.

त्याआधी एक गोष्ट. टॅप ब्लॉक पोटाच्या भिंतीची वेदना थांबवतो, आतल्या अवयवांची नाही. ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल आणि चालत असेल तर डायक्लोफेनॅक लिहिलेले नसेल, तर सिरिंजमध्ये काहीही मिसळले तरी रुग्ण कण्हणारच. सिझेरियनमध्ये पाठीच्या कण्यातील भुलीतून (स्पायनल) मॉर्फिन दिलेले असेल, तर टॅपचा फारसा जादा फायदा मला दिसलेला नाही. शिवाय असे जोड-औषध (अॅडिटिव्ह) मिसळल्याने मूळ औषधाची मर्यादा वाढत नाही. दोन्ही बाजूंना 0.25 टक्क्याचे 20-20 मिली म्हणजे 100 मिलिग्रॅम ब्युपिव्हकेन होते आणि 45 किलोच्या बाईसाठी ते 2 मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या पुढे जाते. आपल्याकडे 45 किलोच्या बायका पुष्कळ असतात.

डेक्समेडच्या बाजूने बोलायचे तर त्याचा ब्लॉक सुंदर असतो. सुमारे दोन वर्षे मी तेच वापरत होतो. साधारण 1 मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, दोन्ही बाजूंना विभागून. रुग्ण शांत झोपतो, वेदना उशिरा जाणवते आणि दुसऱ्या दिवशी सर्जन आवर्जून कौतुक करतो. काही रुग्णांमध्ये मला ते डेक्सापेक्षा थोडे सरसही वाटले. अर्थात हा माझा अंदाज आहे, मी घड्याळ लावून मोजलेले नाही. किंमत काही पटींनी जास्त असली तरी एका अँपूलसाठी कोणी हटकत नाही.

माझे मत फिरले ते मंदावणाऱ्या नाडीमुळे. मी एका रुग्णालयात बसणारा भूलतज्ज्ञ नाही. सकाळी दादर, दुपारी मुलुंड, रात्री बोरिवली अशी आमची फिरती वारी असते. डेक्समेड दिलेल्या रुग्णाची नाडी संध्याकाळी सातच्या सुमारास 46 दिसते. रक्तदाब ठीक असतो, रुग्ण हाक मारल्यावर ओ देतो, पण सिस्टरला फक्त आकडा दिसतो आणि तिने फोन केला तर तिचे काहीच चुकत नाही. मी मात्र त्या वेळी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलेलो असतो आणि फोनवरूनच ठरवायचे असते की ही औषधाची नेहमीची नाडी आहे की आणखी काही घडते आहे. एकदा मी फोन उचलायच्या आतच ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने नाडी वाढवणारे अॅट्रोपिन देऊन टाकले. नाडी 120 वर गेली, तोंड कोरडे पडले आणि शांत झोपलेली बाई घाबरून उठून बसली. इजा काही झाली नाही, परंतु त्या रात्री मी घरी न जाता पुन्हा मुलुंडला गेलो. सिझेरियनच्या रुग्णांत आणखी एक भर पडते. बाळाला छातीशी घ्यायच्या वेळी सूनबाई डोळे उघडत नाही म्हणून सासूबाई नर्सिंग होम डोक्यावर घेतात.

डेक्साने मला असा फोन आणलेला नाही. त्याचा त्रास वेगळा आणि तो ओटीतच दिसतो. रोपिव्हकेन या सुन्न करणाऱ्या दुसऱ्या औषधात डेक्सा मिसळल्यावर सिरिंजमध्ये पांढुरके धुके तयार झालेले मी स्वतः पाहिले आहे. डेक्साचे द्रावण अल्कधर्मी असल्याने रोपिव्हकेनचे स्फटिक होतात. ते पाहिल्यापासून मी डेक्सा सिरिंजमध्ये घालतच नाही, शिरेतून देतो. हातापायांच्या ब्लॉकवरील 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) प्लासिबोच्या तुलनेत नसेभोवती आणि शिरेतून, दोन्ही मार्गांनी ब्लॉक सुमारे 6 ते 7 तासांनी लांबलेला दिसतो. थेट तुलनेत नसेभोवतीचा मार्ग थोडा सरस ठरतो, हे मान्य, पण तेवढ्यासाठी स्फटिकांशी झगडावे असे मला वाटत नाही. शिवाय शिरेतून दिल्याने मळमळही कमी होते. फक्त जाग्या रुग्णाला ते झपकन देऊ नये. जांघेत आणि गुदद्वाराजवळ अशी आग होते की रुग्ण टेबलावरून उठू पाहतो. भूल चढल्यावर द्यावे किंवा पातळ करून सावकाश द्यावे.

राहिला साखरेचा प्रश्न आणि मुंबईत तो खरोखरच मोठा आहे, कारण पन्नाशीच्या पुढच्या पित्ताशयाच्या रुग्णांत मधुमेही फार असतात. डेक्साने साखर वाढते, त्याबाबत वाद नाही. जखमेच्या संसर्गाची भीती मात्र पूर्वीइतकी उरलेली नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅडी चाचणीत आठ हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता आणि 8 मिलिग्रॅम डेक्साने शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग वाढलेला आढळला नाही. त्या रुग्णांत मधुमेहीही होते. तरीही मी मधुमेह्यांना 4 मिलिग्रॅमच देतो आणि रात्री ग्लुकोमीटरने साखर तपासायची सूचना केसपेपरवर लिहून ठेवतो. वाढलेल्या साखरेचा फोन मला त्रास देत नाही. इन्सुलिनचे युनिट सांगायला गाडी वळवावी लागत नाही.

ज्यांच्या रुग्णालयात रात्रभर मॉनिटर चालू असतो आणि भूलतज्ज्ञ इमारतीतच असतो, त्यांनी डेक्समेड अवश्य वापरावे. माझ्यापेक्षा त्यांना ते अधिक लाभेल. मीसुद्धा ते पूर्ण सोडलेले नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी साखर 250 च्या वर असलेल्या रुग्णाला निम्म्या मात्रेत देतो, मात्र तो दिवसाचा शेवटचा रुग्ण असला पाहिजे आणि त्यानंतर दोन-तीन तास मला तिथेच थांबता आले पाहिजे. आणि अशा वेळी औषधाचे नाव फोनवर सांगत नाही, हाताने लिहून देतो, कारण ओटीच्या गडबडीत डेक्सा आणि डेक्समेड कानाला जवळजवळ एकच वाटतात.