विशेष गरजा असलेल्या मुलांची वैयक्तिक अध्ययन योजना : एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

बेळगाव जिल्ह्यातील एका सरकारी मराठी शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वैयक्तिक अध्ययन योजना भरण्याची पद्धत आमच्याकडे पूर्वीपासून आहे, परंतु त्या योजनेची वही बहुधा शाळेच्या तपासणीच्या वेळीच कपाटाबाहेर येत असे. या वर्षी जूनपासून मार्चपर्यंत आम्ही ती नियमित वापरली आणि मुलाला दिलेल्या मदतीचा त्याला खरोखर उपयोग होतो आहे का, हे तिच्यावरून तपासले. सीमाभागातील शिक्षक, पालक आणि एसडीएमसीचे, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचे, सदस्य यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या विशेष अडचणीचा, समावेश केला. त्याच्या कलम १६ नुसार अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखणे, तिच्यावर योग्य शैक्षणिक उपाय करणे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. आमच्याकडे आलेल्या छापील तक्त्यात मात्र उपकरण मिळाले का, भत्ता मिळाला का, अशा मुलांसाठी अधूनमधून शाळेत येणाऱ्या संसाधन शिक्षकांची भेट झाली का, एवढेच विचारलेले होते. मुलाला आज काय जमते, याला त्यात जागाच नव्हती. आमच्या शाळेत रॅम्प आहे आणि तक्त्यातही ‘रॅम्प : आहे’ अशीच नोंद आहे, परंतु चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलीचा हात स्वच्छतागृहाच्या कडीपर्यंत पोहोचत नव्हता, ही गोष्ट त्या तक्त्यातून कधीच कळली नसती. कडी खाली घेण्याचे काम एसडीएमसीने एका दुपारी करून दिले.

म्हणून आम्ही वहीत स्वतःचे रकाने आखले : उद्दिष्ट, दिलेली मदत, मदतीसह जमलेली गोष्ट आणि मदतीशिवाय जमलेली गोष्ट. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा ठरला तो शेवटचा रकाना. माझ्या वर्गातील एक मुलगा तोंडी हिशेबात चपळ आहे, पण वाचताना घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल करतो आणि ओळ संपली की खालची ओळ सोडून तिसऱ्या ओळीवर जातो. त्याची आई म्हणाली, “बाई, ऐकलेलं सगळं तोंडपाठ सांगतो बघा, पुस्तक समोर ठेवलं की गप्प होतो.” छापील नमुन्यात त्याच्यासाठी ‘वाचन सुधारणे’ असे उद्दिष्ट होते, आणि ते पूर्ण झाले की नाही हे कोणालाच सांगता आले नसते. आम्ही ते बदलून ‘जोडाक्षरे नसलेला परिचित उतारा ओळ न सोडता वाचणे’ असे केले आणि त्याला एका वेळी एकच ओळ दिसेल अशी खाच कापलेली पुठ्ठ्याची पट्टी दिली. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत तो पट्टी लावून नीट वाचू लागला, पण पट्टी काढली की ओळ पुन्हा सुटत होती. केवळ ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच लिहिले असते, तर पट्टी तेव्हाच बंद झाली असती. याउलट अक्षरे गिरवून घेण्याचा त्याला काहीच लाभ होत नाही, हेही त्याच नोंदींतून दिसले. ते आम्ही थांबवले आणि त्याऐवजी घ व ध असलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या आवाजानुसार दोन डब्यांत वेगळ्या टाकण्याचा खेळ सुरू केला. त्याने हळूहळू फरक पडला.

सीमाभागातील खरी अडचण मुलाचे वाचन कोणत्या भाषेत तपासायचे याची आहे. बाहेरून आलेल्या एका तपासनिसांनी या मुलाला कन्नड उतारा वाचायला दिला, तो गप्प राहिला आणि त्यावरून त्याची बुद्धी मंद असल्याचा शेरा लिहिला गेला. त्या शेऱ्याचा मला आजही संताप येतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘डाली’ या वाचनातील अडचण ओळखण्याच्या तपासणी-संचात हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठी व कन्नडही आहे, आणि शिक्षकांनी भरायच्या प्राथमिक चाचण्या पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवी अशा दोन टप्प्यांत आहेत. आपल्या भागाला याहून सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही. अडखळणे फक्त कन्नडमध्ये दिसले तर मुलाला त्या भाषेचा सराव कमी पडला असण्याची शक्यता अधिक. दोन्ही भाषांत सारखेच दिसले तर पुढील तपासणीला पाठवलेच पाहिजे. मात्र ही केवळ चाळणी आहे. निदान तज्ज्ञांनीच करायचे असते.

आणखी एक निरीक्षण. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेची प्राथमिक तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, व्हावी असे सांगितले होते. परंतु आपल्याकडे नलि-कली या खेळत शिकण्याच्या पद्धतीच्या वर्गात तिसरीपर्यंत प्रत्येक मूल शिकण्याच्या टप्प्यांच्या आपापल्या शिडीवर आपल्या गतीने चढत असते आणि मागे राहिलेले मूल त्या गतीच्या आड सहज लपते. ती पद्धत मला प्रिय आहे, म्हणूनच तिसरीच्या शिक्षकांनी ही तपासणी टाळू नये असे मी आग्रहाने म्हणते.

वहीच्या मर्यादाही आहेत. दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला दर आठवड्याला नोंदी करणे जड जाते, आणि घरीच शिकणाऱ्या तीव्र दिव्यांग मुलांसाठी आमचे रकाने अपुरे पडले.

२०१६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. या मुलाच्या बाबतीत भाषेतून सूट मागण्याची घाई करू नये असे आईचे आणि माझे मत पडले, कारण बाजारात तो कन्नड छान बोलतो आणि कर्नाटकात राहायचे तर ती त्याला लागणारच. मार्चच्या मूल्यमापनात त्याची कन्नडची उत्तरे तोंडी घेतली आणि तशी नोंद वहीत केली आहे.