इंदूरमध्ये कबाब: बार्बेक्यू नेशन की नफीस?

पुण्याहून पाहुणे आले आणि त्यात निम्मे शाकाहारी असले, तर सरळ बार्बेक्यू नेशन गाठावं. सयाजी हॉटेल्सने 2006 मध्ये सुरू केलेली ही साखळी. टेबलाच्या मधोमध शेगडी, सळ्यांवर पनीर, अननस, कोळंबी, आणि टेबलावरचा छोटा झेंडा खाली करेपर्यंत वाढप चालूच. आजीसकट सगळे खूश.

पण जीव कबाबातच अडकला असेल, तर नफीस हे हॉटेल. (कबाब सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, शोधू नका, ती शाकाहारी.) बार्बेक्यू नेशनमध्ये टेबलावर तुकडे भाजूनच येतात, शेगडी ते फक्त गरम ठेवते, जास्त वेळ राहिले की कोरडे पडतात. सीख कबाब निखाऱ्यावरून थेट ताटात हवा. चरबीचा थेंब कोळशावर चर्रकन पडतो, धूर उठतो, तोच खिम्यात मुरतो. सोबत कच्चा कांदा आणि लिंबू, बस्स.