सेमी-ऑटोमॅटिक रायफलच्या नावाखाली गोव्यातील नेमबाजांची झालेली फसवणूक

पन्नास मीटरवर हात बसलेल्या नेमबाजाला लांब पल्ल्याची ओढ लागते. ही ओढ हेरून एका माणसाने फोंडा आणि डिचोली भागातील आम्हा काही नेमबाजांकडून तीन लाखांहून अधिक रक्कम उकळली. तो स्वतःला परवानाधारक शस्त्रविक्रेता म्हणवत होता आणि लांब पल्ल्याच्या सरावासाठी आधुनिक सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी झाडली की पुढची आपोआप भरणारी) रायफल ‘खेळाडूंच्या कोट्यातून’ मिळवून देतो असे सांगत होता. हाच व्यवहार आता वेगळ्या नावाने पेडणे आणि सावंतवाडीच्या बाजूला सुरू असल्याचे कानावर आल्यामुळे सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

त्याच्या बोलण्यात खेळाची माहिती भरपूर होती आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे विश्वविजेतेपद, स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या रायफल प्रकारातील) कांस्यपदक ही नावे तो सहज घेई आणि कोल्हापूरकडच्या नेमबाजांना आपणच साहित्य पुरवतो असे सुचवी. मला तो ‘सर’ म्हणे, आमच्यातील ज्येष्ठ सदस्याला ‘काका’. “काका, फाइल आपल्याकडची आहे, तुम्ही फक्त आधार आणि फोटो पाठवा,” हे वाक्य आम्हा प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवले गेले.

त्याने जी वस्तू देऊ केली होती ती लांब पल्ल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या .३०८ विंचेस्टर या काडतुसाची, एआर-१० या नावाच्या घडणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल. फसवणुकीचे मूळ इथेच आहे, आणि ते प्रत्येक नेमबाजाला ठाऊक असले पाहिजे असे मला कळकळीने वाटते. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पिस्तुलांसारखे अपवाद वगळता सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या वर्गात ठेवलेल्या आहेत. त्याच वर्गात .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप), तसेच या मापाचे लष्करी काडतूस ज्यांत बसून झाडले जाऊ शकते अशा रायफलीही येतात, मग त्या प्रत्येक गोळीसाठी बोल्ट हाताने मागेपुढे करण्याच्या, म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शन असल्या तरीही. बोलीभाषेत ज्याला ‘प्रोहिबिटेड बोअर’ म्हणतात तो हा प्रकार असून, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यावर तो विकत घेता येत नाही. म्हणजे क्लबच्या सर्वसाधारण सदस्याला अशी रायफल घरपोच देण्याचे आश्वासन पहिल्या वाक्यापासूनच खोटे होते. कायद्याचा विषय निघाला की तो एअर रायफलचे उदाहरण पुढे करी. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलच्या मर्यादेतील एअर रायफलला परवाना लागत नाही हे खरे आहे. परंतु या खऱ्या गोष्टीला जोडून तो ‘खेळाच्या रायफलीचेही तसेच असते, फक्त फाइल लागते’ असे बेमालूमपणे सांगे. त्या दोन विधानांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

दुसरे खोटे अचूकतेविषयी होते. आपली रायफल ३०० मीटरवर पाच गोळ्या ‘एका बटणाएवढ्या जागेत’ टाकते असा त्याचा दावा होता आणि पुरावा म्हणून त्याने टार्गेटच्या कागदाचे छायाचित्र पाठवले. आरंभी आलेले छायाचित्र कडेने कापलेले होते, त्यात केवळ छिद्रांचा पुंजका दिसत होता. पैसे गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याच कागदाचे पूर्ण छायाचित्र आमच्यातील एकाच्या हाती लागले, त्यात दहाचे, म्हणजे दहा गुण देणारे मधले, वर्तुळ स्पष्ट दिसत होते, आणि मग केवळ मोजपट्टीने सारे उघड झाले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ३०० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो, तर ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर तो फक्त १०.४ मिलिमीटर. .३०८ ची गोळी ७.८२ मिलिमीटर जाडीची असते. तेव्हा ३०० मीटरच्या कागदावर तिचे छिद्र दहाच्या वर्तुळाच्या सुमारे तेराव्या हिश्श्याएवढे दिसायला हवे होते. छायाचित्रातील छिद्र मात्र वर्तुळाच्या निम्म्याहून किंचित मोठे होते. ५० मीटरच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या .२२ ची गोळी साधारण ५.६ मिलिमीटरची असते आणि ५० मीटरच्या कागदावर ती हेच प्रमाण दाखवते. लांब पल्ल्याच्या सेमी-ऑटोमॅटिकचा म्हणून आम्हाला दाखवलेला तो कागद कोणा मेहनती नेमबाजाच्या साध्या .२२ रायफलचा होता.

कागद क्षणभर खरा धरला तरी गणित बसत नाही. एक मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर सुमारे ८७ मिलिमीटर भरतो. कारखान्यातून आलेल्या चांगल्या रायफलला एक मिनिटाची हमी दिली जाते, तेव्हा ती सन्मानाची गोष्ट मानतात. बटणाएवढा, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटरचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) म्हणजे त्या हमीच्या सातव्या हिश्श्याएवढा, आणि तोही गोळी भरण्याचे काम स्वतः करणाऱ्या रायफलमधून! या घडणीच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये काडतुसातील वायूचा काही भाग नळीच्या छिद्रातून मागे वळवून बोल्ट ढकलला जातो, रिकामे टरफल बाहेर पडते आणि पुढचे काडतूस आपोआप आत जाते. या सोयीने वेग वाढतो, अचूकता नव्हे. अचूकता येते ती नळीच्या दर्जातून, नळीला हँडगार्डचा (नळीभोवतीच्या पकडीचा) स्पर्श होऊ न देण्यातून, स्वच्छ सुटणाऱ्या ट्रिगरमधून, आणि एकाच बनावटीच्या, एकसारख्या भरलेल्या काडतुसांतून. म्हणूनच १० आणि ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागणारी रायफल वापरतात. ज्याला त्या स्पर्धांची तयारी करायची आहे, त्याला सेमी-ऑटोमॅटिकचा काहीही उपयोग नाही. विक्रेता जेव्हा रायफलचा वेग सांगून अचूकता विकू लागतो, तेव्हा त्याला नळी कोणाची आहे, ट्रिगरचे वजन किती आहे आणि ग्रुप कोणत्या काडतुसाने, किती अंतरावरून घेतला, एवढेच विचारावे. आमच्या माणसाने या प्रश्नांना नेहमी ‘ते माल आल्यावर बघू’ असे उत्तर दिले.

पैसे टप्प्याटप्प्याने घेतले गेले. प्रथम नोंदणीची रक्कम, मग फाइलचा खर्च, मग कस्टमची म्हणून मोठी रक्कम, आणि प्रत्येक वेळी खाते वेगळ्या व्यक्तीच्या नावाचे, दुकानाचे कधीच नाही. कस्टमच्या रकमेसोबत आयात परवान्याची प्रत आली. तिच्यावरील शिक्का पुसट होता आणि परवाना क्रमांक चौकशीअंती दुसऱ्याच कोणाचा निघाला. रक्कम मिळाल्यानंतर ‘माल मुंबईला अडकला आहे’ असे काही आठवडे सांगितले गेले, आणि त्यानंतर फोन बंद झाला.

सर्वांत घृणास्पद भाग त्यानंतरचा. आमच्यातील एकाने पैसे परत मागितले, तेव्हा त्याला धमकी देण्यात आली की प्रतिबंधित हत्यार मागवल्याबद्दल तुझ्यावरच गुन्हा दाखल होईल. या भीतीपोटी लोक तक्रार करत नाहीत आणि हा धंदा त्याच गप्प बसण्यावर चालतो. ज्याच्या हाती हत्यार आलेच नाही, ज्याला कायदेशीर व्यवहार आहे असे सांगून खोटी कागदपत्रे दाखवली गेली, त्याने वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडे जाण्यास कचरू नये. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठी आणि कलम ३३६ बनावट दस्तऐवजासाठी आहे. आमच्या तक्रारीत या दोन्हींचा आधार घेतला आहे. रक्कम ऑनलाइन गेली असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवणे अत्यंत महत्त्वाचे, कारण पुढच्या खात्यात वळण्यापूर्वीच ती गोठवता येते. आमच्यातील ज्याने लगेच कळवले त्याची शेवटच्या टप्प्यातील रक्कम बँकेने रोखून धरली, इतरांची मात्र अनेक खात्यांतून निघून गेली.

ज्यांना खरोखरच लांब पल्ल्याकडे जायचे आहे त्यांनी रायफलच्या आधी परवान्याची चौकशी करावी. उत्तर गोव्यासाठी पणजीतील आणि दक्षिण गोव्यासाठी मडगावातील जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात कोणता बोअर कोणत्या वर्गात येतो हे लेखी विचारता येते. खेळाडूंना मिळणाऱ्या सवलती नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धांतील पात्रतेशी जोडलेल्या आहेत, कोणा दलालाच्या ‘फाइल’शी नाहीत. आपल्या क्लबमार्फत राज्य संघटनेकडे विचारणा केली तर ही पात्रता कोणत्या गुणांवर मिळते ते कळते. विक्रेत्याच्या दुकानात प्रत्यक्ष जावे, भिंतीवरचा त्याचा परवाना वाचावा, आणि रक्कम दुकानाच्याच खात्यात पावती घेऊन भरावी.

सिंधुदुर्गातील दोघांनी याच माणसाला पैसे दिल्याचे आम्हाला समजले आहे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी आपापल्या पोलिस ठाण्यात स्वतंत्र तक्रार नोंदवावी, खाते क्रमांक आणि व्यवहार क्रमांक त्यात लिहावेत, आणि टार्गेटच्या छायाचित्राची आलेली मूळ फाइल व सगळे संदेश फोनमधून पुसू नयेत. तपासात सर्वप्रथम तेच मागितले जाते.